टाकून दिलेली बरकत

मराठी भाषेने भोपळ्याला फारसा मान दिलेला नाही. परीक्षेत शून्य मिळालं की भोपळा, गैरसमज दूर झाला की भ्रमाचा भोपळा फुटला, दोघांचं पटेनासं झालं की विळ्या-भोपळ्याचं सख्य. आमच्या घरातली दखनी बोलीही याला अपवाद नाही. एखाद्याला काही कळत नसलं की ‘उसको कद्दू मालूम!’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. एवढं ऐकूनही भोपळा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात महिनोन् महिने मुकाट्याने टिकून राहतो आणि घरात दुसरी भाजी नसेल त्या दिवशी कामाला येतो. भोपळ्याच्या बीला मात्र बदनामीही मिळाली नाही. तिच्यावर म्हण नाही, वाक्प्रचार नाही. निदान बदनामी करण्यासाठी तरी आठवण ठेवावी लागते. बी थेट उकिरड्यावर जाते.

आता तीच बी पाकिटातून परत आली आहे. सुक्या मेव्याच्या दुकानात बदाम-पिस्त्याच्या शेजारी ती मानाने बसते आणि तिच्या पावशेराच्या किमतीत आमच्या मंडईतले कितीतरी भोपळे येतात. आम्ही दोघी जावा एकदा रमजानच्या खरेदीला गेलो असताना अत्तर, मिस्वाक आणि खजुरांच्या एका दुकानात तिच्या पाकिटावर ‘सुन्नती बिया’ अशी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. भाव अर्थातच त्या शब्दाला शोभेल असा होता. घरी येईपर्यंत आमच्यात तोच विषय चालला होता.

भोपळ्याचा आणि सुन्नतीचा संबंध आहे, यात शंका नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अनस (रजि.) यांची हदीस आहे. एका शिंप्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवायला बोलावलं. जेवण साधंच होतं. जवाची रोटी आणि सुकवलेलं मांस व दुब्बा घातलेला रस्सा. प्रेषित (स.) थाळीच्या कडेकडेने दुब्ब्याच्या फोडी शोधून खात होते, ते अनस (रजि.) यांनी पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांनाही दुब्बा आवडू लागला. कुरआनातही सूरह अस-साफ्फातमध्ये माशाच्या पोटातून किनाऱ्यावर आलेल्या आजारी हजरत यूनुस (अ.) यांच्यावर अल्लाहने ‘यक्तीन’ची वेल उगवल्याचा उल्लेख आहे. बहुतेक भाष्यकार यक्तीनचा अर्थ कद्दूची वेल असाच करतात.

पण ही वेल आणि तो दुब्बा आमच्या मंडईतल्या लाल भोपळ्याचा नव्हे. लाल भोपळ्याचं मूळ घर अमेरिका खंडात. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातील एका गुहेत त्याच्या कुळातल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतरच ही फळं समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. सातव्या शतकातल्या मदिनेत ती असणं शक्य नाही. तिथला दुब्बा म्हणजे आपला दुधी भोपळा, ज्याला आम्ही लौकी म्हणतो. तेव्हा पाकिटावरची चिठ्ठी श्रद्धेपेक्षा व्यापाराची अधिक होती.

याने लाल भोपळा काही कमी ठरत नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो हे त्याचेच गाववाले. आज लाल भोपळ्याच्या घारग्यांशिवाय मराठी स्वयंपाक पुरा होत नाही आणि ‘तू मूळचा कुठला?’ असं त्याला कोणी विचारत नाही. मातीत रुजला, पोट भरलं, आपला झाला. माणसांच्या बाबतीत हा नियम इतक्या सहज लागू होत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सुन्नत शोधायचीच असेल तर ती आम्हाला दुसऱ्या एका हदीसमध्ये सापडते. मुस्लिममध्ये ती आहे. थाळी पुसून खावी, बोटं चाटावीत, घास खाली पडला तर त्याला लागलेलं झटकून तो खावा, सैतानासाठी ठेवू नये; कारण अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, असा तिचा आशय आहे. लहानपणी मदरशात हे ऐकताना बोटं चाटायची परवानगी मिळाली एवढाच आनंद होता. आता वाटतं, किती मोठी गोष्ट यात सांगितली आहे. बरकत नेमकी टाकून देण्याच्या भागातही असू शकते.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे अम्मींना ही हदीस पाठ होती की नाही हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यांचे हात मात्र तिच्याप्रमाणेच चालत. भोपळा चिरला की बियांचा गोळा त्या परातीत काढून घेत. चार-दोन जाड बिया राखेत घोळवून पावसाळ्यात लावण्यासाठी पुडीत बांधायच्या. बाकीच्या धुऊन गच्चीवर वाळवायच्या. कलिंगड, खरबूज आणि काकडीच्या बियांचंही तेच. या चारही बियांचा गर एकत्र केला की तो चारमगज. वाण्याकडे मगजबी मिळते, पण अम्मींना ती विकत आणणं म्हणजे घरच्या लक्ष्मीला, त्यांच्या शब्दांत घरच्या बरकतीला, दार दाखवण्यासारखं वाटे. ईदच्या कोरम्याला जो दाटपणा येई, हलव्यावर जी पांढरी पाखर दिसे, ती महिनोन् महिने नखांनी सोललेल्या बियांची होती. दुपारी सगळे आडवे झाले की त्या सूप घेऊन बसत. घरातले म्हणत, ‘अम्मींना रिकामं बसवत नाही.’ त्या रिकाम्या बसलेल्याच नाहीत, असं कोणी म्हटलं नाही.

सांधे आखडले तशी अम्मींची नखं थांबली. बिया पुन्हा कचऱ्यात जाऊ लागल्या. मग धाकट्या दिरांनी घरात एअर फ्रायर आणला. हे यंत्र २०१० मध्ये एका डच कंपनीने प्रथम बाजारात आणलं. नावात तळणं असलं तरी त्यात काही तळलं जात नाही. वर विजेची तार तापते, तिच्या मागचा पंखा गरम वारा जोराने खाली ढकलतो आणि जाळीच्या टोपलीतल्या पदार्थाभोवती तो वारा फिरत राहतो. छोटी, वेगवान भट्टीच ती. अम्मींनी आत डोकावून विचारलं, “इसमें आग कां है गे?” आम्ही तार दाखवली. त्यांचं समाधान झालं नाही. मग आम्ही भडभुंज्याचं उदाहरण दिलं. भडभुंजा चणे तापलेल्या वाळूत टाकतो, कारण तव्यावर दाण्याची एकच बाजू भाजते आणि वाळूत तो चहूबाजूंनी भाजतो. या यंत्रात वाळूच्या जागी वारा आहे, एवढंच. हे त्यांना पटलं.

आमची कृती आता ठरून गेली आहे. दोन-अडीच किलोच्या भोपळ्यातून साधारण वाटीभर बिया निघतात. भाजीवाल्या मावशी भोपळा फोडी करून विकतात आणि बिया फेकतात; त्यांना सांगून ठेवलं की त्या पिशवीत बाजूला ठेवतात. बियांचा गोळा पाण्यात सोडून बोटांनी चोळावा. बिया वर तरंगतात, धागे सुटतात. मग मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळाव्यात. त्याने मीठ टरफलाच्या आत पोहोचतं, नुसतं वर भुरभुरलेलं राहत नाही. चाळणीत निथळून सुती कापडावर पसराव्यात आणि पंख्याखाली किंवा उन्हात दोन-तीन तास पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात. घाई करू नये ती इथेच. कुरकुरीतपणा म्हणजे दुसरं काही नाही, आतलं पाणी निघून जाणं. ओली बी यंत्रात घातली तर आधी ती वाफवते आणि चिवट होते.

वाटीभर बियांना एक लहान चमचा तेल चोळून, त्या टोपलीत एका थरात पसरून १६० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं ठेवाव्यात. दर चार मिनिटांनी टोपली काढून हलवावी. वाळलेली बी हलकी असते, पंख्याच्या वाऱ्याने वर उडते आणि तारेला लागली तर जळते. म्हणून वर तारेची छोटी जाळी ठेवावी. तडतड ऐकू येऊ लागली, टरफलावर बदामी रंग चढला की एक बी फोडून पाहावी. आतला गर हिरवट असला पाहिजे. तपकिरी झाला तर कडवट लागतो. तिखट, जिऱ्याची पूड, आमचूर हे सगळं बाहेर काढल्यावर, बिया गरम असतानाच लावावं. आधी लावलं तर मसाला करपतो. बिया पूर्ण गार झाल्यावरच खऱ्या कुरकुरीत होतात आणि तेव्हाच डब्यात भराव्यात. त्यात तेल भरपूर, म्हणून आठ-दहा दिवसांत संपवाव्यात, नाहीतर खवट होतात. यंत्र नसेल तर लोखंडी कढई आणि मंद आच पुरते. फक्त हात थांबवायचा नाही.

दुकानातल्या हिरव्या बियांना टरफल नसतं, ते का, असं मुलं विचारतात. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया भागात एकोणिसाव्या शतकात अशी एक भोपळ्याची जात निपजली, जिच्या बीवर कठीण टरफलच धरत नाही. आपल्या भोपळ्याची बी दातांनी फोडून खावी लागते. इजिप्त, तुर्कस्तान, इराणमध्ये लोक रात्र-रात्र गप्पा मारत अशाच बिया फोडत बसतात. फोडून खाल्लं की कमी खाल्लं जातं, हा आणखी एक फायदा. शंभर ग्रॅम गरात तीसेक ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर मॅग्नेशियम असतं, पण पन्नास ग्रॅमच्या आसपास चरबीही असते. मूठभर पुरे. रमजानमध्ये आम्ही त्या तरावीहनंतर काढतो. सेहरीला नाही, मिठाने दिवसभर तहान लागते.

पहिल्या खेपेला सगळे दस्तरखानाभोवती बसले होते. डबा फिरला, दोन मिनिटांत रिकामा झाला. “काय भारी मशीन आहे!” असं दिरांनी म्हटलं, मुलांनी म्हटलं, शेजारच्या चाचांनीही म्हटलं. अम्मी तेवढ्या आमच्या बोटांकडे पाहत होत्या. बुळबुळीत धागे काढून, पाण्यात भिजून ती सुरकुतली होती. त्या एवढंच बोलल्या, “मशीन ने पंधरा मिनिट करी. बाकी दोपहर किन करी?”

या प्रश्नाने आम्हाला बरंच काही दाखवलं. आपल्याकडे बरकतीबद्दल बोलताना आपण ती आकाशातून उतरल्यासारखं बोलतो. ती उतरतेच, पण कोणाच्या तरी हातांवर उतरते, आणि बहुतेक घरांत ते हात बाईचे असतात. अम्मींच्या तीस वर्षांच्या दुपारींना घराने विरंगुळा म्हटलं. आमच्या दुपारीचं श्रेय विजेच्या तारेला मिळालं. उधळपट्टी कुरआनाने निषिद्ध ठरवली आहे, हे सगळे जाणतो. पण उधळपट्टी फक्त अन्नाचीच होते का? माणसाची मेहनत न मोजणं हीसुद्धा उधळपट्टीच.

आम्ही भांडलो नाही. एक नियम केला. जो बिया खाणार, त्याने धागे काढायचे. पहिल्या रविवारी दीर आणि दोन्ही मुलगे परातीभोवती बसले. अर्ध्या तासाने दिरांनी कंबर सरळ करत विचारलं, “हे दर वेळी एवढं असतं?” आम्ही दोघींनी हो म्हटलं. त्यानंतर ‘अम्मींना रिकामं बसवत नाही’ हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलेलं नाही.

आता अम्मी खुर्चीवर बसून देखरेख करतात. कोणी गोळा घाईने फेकायला गेलं की, “फेकना नक्को, और दो बिजां हैं उसमें,” असं सांगतात. आणि खरोखर असतात. चोळून चोळून पाहिलं की धाग्यांत अडकलेल्या दोन-चार बिया निघतातच. बरकत त्यांच्यात आहे की आधीच्या वाटीभरात, हे सांगता येत नाही. म्हणूनच त्या शोधायच्या, आणि शोधणारे हात सगळ्यांचे असायचे.