आईस लिहिलेलें पत्र

गेल्या जूनमध्यें एके दिवशीं सायंकाळीं आमचा भाचा आमच्याकडे आला आणि बराच वेळ कांहीं न बोलतां बसून राहिला. वय १७; बारावीचा निकाल लागलेला; अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेंत गुणही चांगले मिळालेले. पुण्यांतील मध्यमवर्गीय घरांत याहून आनंदाचा प्रसंग तो कोणता? परंतु चिरंजीवांचें तोंड उतरलेलें होतें. शेवटीं तो म्हणाला, "मामा, तुम्ही बाबांना सांगा ना. मला इंजिनिअर व्हायचं नाहीं. मला इतिहास शिकायचा आहे."

त्याचें हें वेड कालपरवांचें नव्हे. दोन वर्षांपूर्वीं घरांतल्या एका जुन्या पेटींत पणजोबांचे कांहीं मोडी कागद त्याला सांपडले. आपल्याच घरचें लिहिणें आपणांस वाचतां येऊं नये, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. त्यानें मोडी शिकून घेतली. पुढें सदाशिव पेठेंतील भारत इतिहास संशोधक मंडळाकडे, म्हणजे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकारानें १९१० सालीं निघालेल्या त्या संस्थेकडे, त्याचे पाय आपोआप वळूं लागले. पेशवे दप्तरांतील रुमाल सोडावे, कागद लावावे, वाचावे आणि त्यांतच जन्म घालवावा, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा!

आमचे मेहुणे मात्र वेगळ्या जगांत वाढलेले. एका कारखान्यांत तीस वर्षें पाळीपाळीनें त्यांनीं यंत्रावर उभ्यानें काम केलें आहे. आपल्याहून निम्म्या वयाचा इंजिनिअर कांचेच्या खोलींत बसतो आणि त्याच्यापुढें आपणांस हात बांधून उभें राहावें लागतें, हें त्यांनीं रोज पाहिलें आहे. मुलाच्या शिकवणीवर्गासाठीं त्यांनीं पतपेढीचें कर्ज काढलें, तें त्या कांचेच्या खोलीकडे पाहून. अशा बापाच्या अपेक्षेस लोभ म्हणणें हा कृतघ्नपणा होईल.

भाच्याची वकिली करणें आम्हांस कठीण नव्हतें. परंतु तसें करवेना. त्याचें कारण आमच्याच आयुष्यांत आहे. त्याच्या वयाचे असतांना आम्हांस मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत जावयाचें होतें. वडिलांची इच्छा आम्हीं बँकेंत लागावें अशी होती. आम्ही बँकेंत लागलों. आज्ञाधारक मुलगा म्हणून चार ठिकाणीं आमची वाखाणणीही झाली. पण रंगांची पेटी माळ्यावर टाकतांना जी अढी मनांत बसली, ती वडील जाईपर्यंत सुटली नाहीं. पुढें एकदां हिशेब करूं गेलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, कलाशाळेची गोष्ट आम्हीं वडिलांपाशीं कधीं काढलीच नव्हती. त्यांनीं नकार दिला नव्हता. आम्हींच तो त्यांच्या तोंडीं घातला होता आणि न दिलेल्या नकाराबद्दल त्यांच्यावर वर्षानुवर्षें रुसून होतों. असली आज्ञाधारकता म्हणजे एक प्रकारचा खोटेपणाच नव्हे काय?

अशा प्रसंगीं पुण्याच्या माणसास गोपाळ गणेश आगरकरांच्या पत्राची आठवण व्हावी, हें साहजिक आहे. आगरकरांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं झाला. घरची अत्यंत गरिबी. कांहीं दिवस कचेरींत कारकुनी, कऱ्हाडाहून रत्नागिरीपर्यंत पायपीट, मग अकोल्यास मॅट्रिक, अशा खस्ता खाऊन १८७५ च्या सुमारास ते येथील डेक्कन कॉलेजांत आले. एकुलता एक सदरा रात्रीं धुवून सकाळीं तोच घालावा, अशा स्थितींत त्यांनीं पदवी मिळविली. एम्. ए. चा अभ्यास चालू असतांनाच त्यांनीं आईस तें प्रसिद्ध पत्र धाडलें. मुलगा शिकून मोठ्या हुद्यावर चढेल ही आशा सोड, निर्वाहापुरतें मिळवून बाकीचें आयुष्य मी लोकांच्या कामीं लावणार, असा त्याचा मथितार्थ.

या पत्राचा उत्तरार्ध, म्हणजे तो निश्चय, आपण लहानपणापासून ऐकत आलों. पूर्वार्धाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. आपली आई काय मनोरथ रचीत असेल, हें आगरकरांनीं आधीं स्वतःच्या हातानें लिहिलें आहे आणि मग तें पुरें होणार नाहीं असें सांगितलें आहे. जें मोडावयाचें त्याची किंमत त्यांनीं प्रथम मोजली. शिवाय ज्या निश्चयासाठीं आईची आशा मोडली, त्याला ते शेवटपर्यंत जागले. न्यू इंग्लिश स्कूलमधील तुटपुंज्या वेतनाची शिक्षकी, 'केसरी'चें संपादकत्व, १८८२ मधील डोंगरीच्या तुरुंगांतील १०१ दिवस, १८८८ पासून 'सुधारक', १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचें प्राचार्यपद, आणि या सर्वांत सोबतीला दमा. १८९५ च्या जूनमध्यें ते वारले, तेव्हां त्यांस चाळिसावें वर्षही लागलें नव्हतें. त्या कीर्तीचा वाटा त्या माउलीनेंही आपल्या सुखांतून भरला, हें आपण विसरतों.

आम्हीं भाच्यास हें सर्व सांगितलें. तो म्हणाला, "पण मामा, मी कांहीं आगरकर नाहीं." आम्हांस त्याचें उत्तर आवडलें. आगरकर त्या वेळीं बाविशी ओलांडलेले, पदवी पदरांत पडलेले. हा १७ वर्षांचा, हातीं कांहीं नसलेला. तेव्हां आम्हीं म्हणालों, "आगरकरांचा त्याग करावयास कोणी तुला सांगत नाहीं, त्यांच्याप्रमाणें पत्र मात्र लिही. बाबांनीं तुझ्यासाठीं काय काय केलें, त्यांस तुझ्याकडून काय हवें आहे, हें आधीं लिही. तें खरोखर लिहितां आलें, तर पुढचें लिहिण्याचा तुला अधिकार आहे. आणि तें लिहितांना तुझाच विचार पालटला, तरी त्यांत लाज नाहीं."

चार दिवस खपून त्यानें तीन पानें लिहिलीं. कर्जाचा आंकडाही त्यांत होता. मेहुण्यांनीं पत्र वाचलें आणि घडी करून खिशांत ठेवलें. त्या दिवशीं ते कोणाशींच बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मुलास दोनच प्रश्न केले : इतिहास शिकून पोट कसें भरणार? आणि तें भरूं लागेपर्यंत कर्जाचे हप्ते कोणी फेडावयाचे?

प्रश्न रोखठोक आहेत, आणि त्यांचीं उत्तरें भाच्यापाशीं अजून पुरतीं नाहींत. अभ्यासिकेंत सायंकाळचें काम धरावें, कीं अभियांत्रिकीस जाऊन मोडीचा व्यासंग ठेवावा, याचा खल आमच्या बहिणीच्या घरीं चालला आहे. निकाल काय लागेल, आम्ही सांगूं शकत नाहीं. पण त्या घरांत बापानें मुलास प्रश्न विचारला आणि मुलगा त्याचें उत्तर शोधीत आहे. आमच्या घरीं प्रश्नही निघाला नाहीं आणि उत्तरही नाहीं. निघाली ती केवळ एक रंगांची पेटी, वडिलांच्या पश्चात् माळा साफ करतांना. रंग अर्थात् वाळून गेले होते.