दुधाचेच तर दात!

श्रावणातली ती रात्र मी विसरणार नाही. बाहेर पाऊस कोसळत होता आणि रात्री दीडच्या सुमारास माझा सात वर्षांचा मुलगा गाल धरून उठून बसला. “आई, दाढ दुखतेय गं!” लवंगेच्या तेलाचा बोळा झाला, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या. सासूबाई उठल्या, हे उठले. पहाटे केव्हातरी माझ्या मांडीवर त्याचा डोळा लागला. मला मात्र झोप येईना, कारण मला एक चिठ्ठी आठवत होती.

शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरातच मुलांची आरोग्य तपासणी झाली होती. “खालची दाढ किडली आहे, दंतवैद्यांना दाखवावे,” अशी चिठ्ठी घरी आली. मी ती वाचली आणि फ्रिजवर चिकटवून ठेवली. “अगं, दुधाचेच तर दात, आज ना उद्या पडणारच!” असं सासूबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. मी स्वतः अर्धवेळ का होईना, शिक्षिका. दुसऱ्यांच्या मुलांच्या चिठ्ठीवर पालकांची सही नसली की मी रागावते. आता कोणाला रागवायचं?

सकाळी डॉक्टरबाईंनी त्याचं तोंड तपासलं आणि मला जवळ बोलावलं. “मोजा बघू. समोरच्या मधल्या रेषेपासून कितवा दात किडलाय?” मी मोजलं. सहावा. “मग ही दुधाची दाढ नाही. ही कायमची.”

माझा विश्वासच बसेना. एकही दाढ पडली नव्हती, मग कायमची आली कुठून? त्यांनी समजावून सांगितलं. दुधाचे दात वीस. सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. दात पडला की आपल्याला कळतं, ही मात्र गुपचूप येते. तिच्यावरच्या खाचा खोल असतात, त्यांत अन्न अडकतं आणि कीड लवकर लागते. आणि हीच दाढ जन्मभर पुरवायची असते!

“एवढीशी कीड होती तेव्हा आला असतात, तर नुसती भरून भागलं असतं,” त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. आता कीड आतल्या नसेपर्यंत गेली होती. सात वर्षांच्या मुलाच्या त्या दाढेची मुळंही अजून पूर्ण वाढलेली नसतात, म्हणून नसेचा वरचा बिघडलेला भाग काढून औषध भरलं. माझा हात घट्ट धरून पोर खुर्चीत बसला होता. दाढ वाचली, पण पुढची काही वर्षं तिच्यावर लक्ष ठेवावं लागणार आहे.

आणि दुधाचे दात तरी दुर्लक्ष करण्याजोगे कुठे असतात? त्यांतल्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. येणाऱ्या दातांची जागा त्या राखून ठेवतात. त्या अवेळी काढाव्या लागल्या, तर पुढचे दात वेडेवाकडे येऊ शकतात.

निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं, “आणि तुम्ही कधी दाखवलं होतंत?” मी गप्प. दोन वर्षं मी डाव्याच बाजूने चावत होते. दात घासताना रक्त येई, तेव्हा ब्रश कडक असेल म्हणून सोडून देत होते. माझ्या आईला पन्नाशीतच कवळी बसली. ते वयाचंच असं आम्ही धरून चाललो होतो. खरं कारण असतं हिरड्यांचं दुखणं, आणि ते बहुधा दुखतच नाही! दात साफ करून घेतले की हलायला लागतात, ही माझी भीतीही त्यांनी घालवली. साफ केल्याने दात सैल होत नाहीत. आधीच सैल झालेले असले, तर कीटण निघाल्यावर ते कळतं, इतकंच.

तेव्हापासून घरात काही नियम केले आहेत. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, दोन वेळा ब्रश. रात्रीचा तर चुकवायचाच नाही. पेस्ट फ्लोराईडची, मुलाला वाटाण्याएवढी. (तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच.) सात-आठ वर्षांपर्यंत मुलाने घासल्यावर एक हात आपण फिरवायचा. गोड खायचं ते जेवणाबरोबर. दिवसभर चघळत राहणं दातांना जास्त बाधतं. आणि बाळाला पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा तरी दंतवैद्यांना दाखवायचं. हे ऐकून सासूबाई हसल्या, पण आता शेजारणींना त्याच सांगतात!

मैत्रिणींनो, आज रात्री आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला उजेडात बसवून त्याचे दात मोजा. सहावा दिसला, तर त्याच्या खाचा भरून घ्याव्यात का, हे दंतवैद्यांना विचारा. आणि मुलाबरोबर आपलाही नंबर लावा.

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिलेली असते. त्यांच्या शेजारी आता सहा-सहा महिन्यांच्या अंतराने आणखी दोन खुणा केल्या आहेत. एकीपुढे मुलाचं नाव आहे, आणि त्याच्याच खाली, बऱ्याच वर्षांनी, माझंही.