अंगठा नव्हे, माप!

एकलव्याचा अंगठा हा आपल्या भाषणांतला हमखास विषय. टाळ्याही पडतात. पण आजच्या ऑलिम्पिक धनुर्विद्येत दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतात. अंगठा तळहाताकडे दुमडलेला असतो. मग आज आपल्या लेकरांचे नेमके काय कापले जाते? याचे उत्तर आम्हाला एका धनुष्याने दिले.

आमचे वाशी म्हणजे नवी मुंबईचे नव्हे, धाराशिव जिल्ह्यातले. या जिल्ह्याच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला दोन खांब आणि मैदान पुरते. धनुर्विद्येला साहित्य लागते, आणि साहित्याला पैसा. गेल्या वर्षी जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च वगळून आम्ही अभ्यासिकेतल्या नववीच्या एका मुलीसाठी फोनवरूनच धनुष्य मागवले. ‘वाढते वय आहे, जडच घ्या,’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला. धनुष्य निघाले 34 पाउंडांचे. पोरीचा खांदा थरथरायचा, बाण गवतात जायचा. लोक म्हणाले, ‘हिच्यात दम नाही.’ खरे सांगतो, आम्हीही तेच म्हणालो. महिन्याभरात तिने येणे बंद केले.

‘गुणवत्ता नाही’ हे वाक्य आपल्या पिढ्यांनी शाळा-कॉलेजांत ऐकले. तेच आम्ही आपल्या पोरीला ऐकवले. माप चुकले आमचे, नापास ठरली ती.

यंदा तिची समजूत काढून तिला सोबत घेऊनच पुण्याच्या दुकानात गेलो. निघण्याआधी माप घेतले. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत 65 इंच भरले. त्याला 2.5 ने भागले की 26 इंच, ही तिची अंदाजे ओढ. त्या ओढीला 66 इंची धनुष्य बरे. पात्यांवर, म्हणजे लिंबवर लिहिलेले पाउंड 28 इंच ओढीचे असतात. ओढ एक इंच कमी झाली की साधारण दोन पाउंड कमी धरायचे.

दुकानदार म्हणाले, ‘मॅडम, ओढून बघायला देत नाही. घरी नेऊन बघा.’ आम्ही गप्प. मिळेल ते घ्यायची सवय ना! पोरगीच म्हणाली, ‘काका, चप्पलसुद्धा पायात घालून बघतात की.’ ते हसले आणि त्यांनी दोरी चढवली.

24 पाउंडांची पाती ओढताच तिचा खांदा कानाकडे चढला. 20 ची लावली, तेव्हा दहा आकडे मोजेपर्यंत हात स्थिर राहिला. बाण न लावता दोरी सोडायची नाही, हळूच परत आणायची, नाहीतर धनुष्य तडकू शकते, हेही तिथेच कळले. दोन्ही हातांच्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ बघून कोणता डोळा प्रबळ ते तपासले; उजवा निघाला, म्हणून उजव्या हाताने ओढायचे धनुष्य. जास्तीचा पैसा मधल्या मुठीच्या भागावर, रायझरवर घातला. ताकद वाढेल तशी फक्त पाती बदलायची.

‘मेहनत करा, सगळे मिळते,’ असे सांगणारे प्रवीण जाधवचे नाव घेतात. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावच्या मजुराचा हा मुलगा 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला. मेहनत त्याची होतीच. पण त्याला अमरावतीच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत प्रशिक्षण मिळाले, हे का सांगत नाहीत? आपल्या लेकरांकडून कापली जाते ती हीच गोष्ट: स्वतःच्या मापाचे साधन पारखून घेण्याची संधी. म्हणून आमची मागणी साधी आहे. तालुका क्रीडा संकुलांत वेगवेगळ्या वजनांची धनुष्ये ठेवा, मुलांना आधी ओढून बघू द्या.

धम्म ‘एहिपस्सिक’ आहे. या, पाहा, पारखा, असे तो सांगतो. वंदनेत रोज हा शब्द म्हणणाऱ्या आपण तो दुकानाच्या काउंटरवरही म्हणायला शिकले पाहिजे. आणि लेकराला नापास ठरवण्याआधी त्याच्या हातात आपण काय दिले, ते तपासले पाहिजे.

पोरगी पुन्हा रोज सकाळी येते. बाण अजून कधी कधी गवतात जातो, पण शोधायला आता तीच धावते.

जय भीम!