'सर्व्हर डाऊन' म्हणजे नशीब नव्हे

आज कोणत्याही कचेरीत जा, 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य कानी पडतेच. ऐकणारा निमूटपणे परत फिरतो. पाऊस आला नाही तर जाब कोणाला विचारायचा, तसेच हे, अशी समजूत झाली आहे. परंतु सर्व्हर बंद पडण्याला कारण असते आणि शोधले तर ते सापडते. पहूरला आलेला हा अनुभव वाचक बंधू-भगिनींना सांगावासा वाटतो.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. 2023 च्या दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, आमचा सर्व्हर दर दोन-तीन दिवसांनी ऐन दुपारच्या गर्दीत बंद पडू लागला. बचत गटाच्या बाया मजुरी बुडवून येत आणि रिकाम्या हाताने परत जात. एका मावशीने विचारले, "भाऊ, मशीन बंद पडलं तर माझे पैसे बी गेले का?" यंत्रणा बसवणारे फोनवर सांगत, "बंद करून चालू करा, नाही तर नवा सर्व्हर घ्या." चालू केला की तो काही तास चाले.

वस्तीतला एक मुलगा संगणकाची पदविका घेऊन आला होता. सचिवांची परवानगी काढून त्याला बोलावले. तो म्हणाला, "काका, आधी नोंदी वाचू." सर्व्हर आपल्या कामाची नोंदवही ठेवतो, तिला लॉग म्हणतात. आमचे हिशेब मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहेत. त्याच्या लॉगमध्ये बंद होत असल्याची ओळच नव्हती, एकदम पुन्हा सुरू झाल्याची होती. म्हणजे त्याला बाहेरून कोणी तरी बंद केले होते. मग यंत्र चालवणाऱ्या लिनक्सचा लॉग उघडला. तेथे स्पष्ट लिहिले होते, 'आउट ऑफ मेमरी'. मेमरी संपली की सगळे यंत्र अडकू नये म्हणून लिनक्स बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणारे काम बंद पाडतो. आमच्याकडे ते काम म्हणजे डेटाबेस.

कागदावर हिशेब मांडला. एकूण मेमरी 4096 एमबी. त्यातली 3072 डेटाबेसच्या सामाईक साठ्याला, म्हणजे बफर पूलला दिलेली. इतर कामांना सुमारे 700. उरली जेमतेम 300. आता पंगतीत भाजीचे पातेले एकच असते, पण ताट प्रत्येकाला वेगळे लागते. तसेच डेटाबेसला जोडलेल्या प्रत्येकाला स्वतःची थोडी मेमरी लागते. याद्या क्रमवार लावण्यासाठी ती मुळात 256 केबी असते. आमच्याकडे वेग वाढावा म्हणून ती 8 एमबी करून ठेवली होती. खिडक्या, शाखा आणि पिग्मीवाले मिळून चाळीस जण एकदम याद्या काढू लागले की 320 एमबी झाली! पुन्हा चालू केल्यावर साठा रिकामा असे, तो हळूहळू भरे. म्हणूनच काही तास निभत.

त्या रात्री सचिवांसमोर आधी बॅकअप घेतला. बफर पूल 2048 एमबीवर आणला, 8 एमबीचे पुन्हा 256 केबी केले आणि एका वेळी जोडल्या जाणाऱ्यांची मर्यादा 151 वरून 60 केली. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही. तो हंगाम सुरळीत पार पडला.

मावशीच्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. पूर्ण झालेला व्यवहार डेटाबेस आधी डिस्कवर नोंदवतो. मेमरी गेली तरी पुन्हा सुरू होताना तो त्यावरून हिशेब जुळवतो आणि अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द करतो. पासबुकात चढलेला तिचा पैसा सुरक्षित होता. बुडाली ती तिची मजुरी, आणि ती कोणत्याही लॉगमध्ये लिहिलेली नसते.

म्हणून सांगणे इतकेच. 'सर्व्हर डाऊन' ऐकले तर कधीपासून, कशामुळे आणि केव्हा सुरू होणार, हे नम्रपणे पण नेटाने विचारा. वारंवार घडत असेल तर चार जणांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि घरातले मूल संगणक शिकत असेल तर त्याला नुसते टायपिंगवर थांबू देऊ नका. लॉग वाचायला शिकवा.