सुडी जळाल्यानंतर

ऑक्टोबर लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली, मेहकर, लोणारच्या पट्ट्यात शेतोशेती सोयाबीनच्या सुड्या उभ्या राहतात. मळणीयंत्राची पाळी यायची असते, तोवर ढिगावर ताडपत्री आणि कडेनं दगड. कृषी केंद्राची उधारी, बचतगटाचा हप्ता, दिवाळीचे कपडे, पुढच्या पेरणीचं घरचं बियाणं, सगळं त्या एका ढिगात असतं. दरवर्षी यातली एखादी सुडी रात्रीतून पेटते. कोणी पेटवली, ते बहुधा कळत नाही.

सुडीची आग भडकून लगेच विझत नाही. वरचा थर जळून गेला तरी आतलं भुसकट धुमसत राहतं. सकाळी ढीग उकलला की मधे करपलेले दाणे सापडतात. घरची बाई ते सुपात घेऊन पाखडत बसते. विकण्याजोगे ते नसतात, पेरण्याजोगे तर नाहीतच.

अवकाळी पावसानं नुकसान झालं तर ते साऱ्या शिवाराचं होतं. पारावर सगळेच तेच बोलतात, पंचनामे सरसकट मागता येतात. आग मात्र एकट्याला गाठते. शेजारच्या वावरात मळणी चालू असते आणि याच्याकडे राख. विमासुद्धा त्याला एकटंच पाडतो. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या काढणीपश्चात नुकसानीत गारपीट, चक्रीवादळ आणि अवकाळी पाऊस आहे, आग नाही. २०२५ च्या खरिपापासून तर महाराष्ट्रात भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या सरासरी उत्पादनावर ठरते. एका सुडीनं ती सरासरी हलत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग आहे. त्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,००० आणि गोठ्याला ३,००० धरलेले आहेत. तीन हजारांत आज गोठ्याचे पत्रेही येत नाहीत.

मनाच्या आजारांवर काम करणाऱ्यांना यानंतरचे दिवस जास्त काळजीचे वाटतात. तलाठी येतात, पोलीस येतात, पाहुणे येतात आणि प्रत्येक जण विचारतो, ‘कशी लागली?’ तोच प्रसंग माणूस दिवसातून दहादा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका नेमकं उलट सांगते: प्रसंग खोदून विचारू नका, माणूस बोलेल तेवढं ऐका, त्याची निकड ओळखा आणि मदतीशी गाठ घालून द्या. पहिले काही आठवडे झोप उडणं, धुराच्या वासानं दचकणं, वावरात जायला मन न होणं हे साहजिक आहे. महिन्यानंतरही ते हटलं नाही, दारू वाढली किंवा ‘आता काही उरलं नाही’ असं बोलणं सुरू झालं, तर थांबू नये. मानसिक आधारासाठीच्या ‘टेलिमानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी शासनानं विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात बुलढाणाही आहे. आशाताईंना गावातलं प्रत्येक घर ठाऊक असतं. सुडी जळालेल्या घरी त्यांची फेरी आठवड्याच्या आत झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सावरायला गावाची सोबतही लागते. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसं गेली. मेलबर्न विद्यापीठानं पुढे कित्येक वर्षं त्या वस्त्यांचा अभ्यास केला. गावातल्या मंडळांशी, गटांशी जोडलेली माणसं मनानं तुलनेनं लवकर सावरलेली दिसली. आपल्याकडे सावड आहे, बचतगट आहेत. मळणी झालेल्या घरांनी थोडं थोडं बियाणं बाजूला काढलं, तर सुडी जळालेल्याची जूनमधली पेरणी चुकत नाही, आणि आपण गावात आहोत हे त्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

उन्हाळ्यातली आग आणखी वेगळी. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांलगतच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये पानगळीचा थर वाळलेला असतो. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, पेरणीआधी धुरे पेटवतात. वारा फिरला की धुऱ्यावरची आग शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या, कुटाराचा ढीग आणि गोठा घेऊन जंगलाकडे जाते. इथं पेटवणारा ओळखीचा असतो, बहुतेक वेळा भाऊबंदच. नुकसान हजारांचं, अबोला वर्षानुवर्षांचा.

म्हणून तंटामुक्त समितीनं पोलीस ठाण्याची वाट न पाहता मे महिन्यातच दोन्ही घरांना बसवावं. किती नळ्या, किती कुटार, कोणी काय द्यायचं आणि पुढच्या वर्षी कोणाला सांगून, कोणत्या वेळी धुरा पेटवायचा, हे तिथंच लिहून घ्यावं. जूनमध्ये दोघांनाही त्याच धुऱ्यावरून तिफण वळवायची असते.