भाड्याच्या खोलीतली मंडळी

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्या काढतात. टोपलीत हात घालायचा, हाताला येईल ते आपलं वर्षभराचं वचन. मला बहुतेकदा 'भिऊ नको' या अर्थाचंच काहीतरी येतं. रात्रपाळ्या करणाऱ्या नर्सला तेवढं पुरतं. एका वर्षी यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हाती यशया 54:2 आलं, तंबू ऐसपैस करायला सांगणारं. झालं! हे नुकतेच सेमिनरीतून परतले होते. "भांडुप-मुलुंडच्या मराठी लोकांसाठी मंडळी सुरू करायची," म्हणाले, "देवानं सांगितलंय."

"अहो, ते बंदिवासातल्या यहुद्यांना सांगितलंय. आपलं वन रूम किचन आहे."

मग हे मिशनरी विल्यम कॅरीवर आले. 1792 मध्ये नॉटिंगहॅमला कॅरीने याच वचनावर उपदेश केला, पुढच्या वर्षी तो बंगालला आला आणि 1811 मध्ये तिथल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. म्हणजे आपल्या हातातलं शास्त्रच या वचनातून आलं, असा यांचा युक्तिवाद. मी विचारलं, पहिला बाप्तिस्मा कधी झाला? 1800 च्या डिसेंबरात, म्हणजे येऊन सात वर्षं झाल्यावर. "सात वर्षं भाडं कोण भरणार?" यावर मात्र यांच्याकडे उत्तर नव्हतं.

गरज होती, हे मला दिसत होतं. नगर, जालना, सोलापूरकडची आमची माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी गिरण्यांत, रेल्वेत, इस्पितळांत लागली आणि भायखळा-परळला राहिली. चाळीतल्या खोल्या विकून मुलं भांडुप, मुलुंड, डोंबिवलीला गेली, पण म्हाताऱ्यांची मंडळी राहिली भायखळ्यालाच. रेल्वेचा पूल चढवेना तेव्हा त्यांनी जाणंच सोडलं. इकडे इंग्रजी उपासना आहेत, कॅथलिक बांधवांची मोठी देवळं आहेत. पण आमच्या म्हाताऱ्यांना 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हवं, पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची गीतं हवीत. तीही जरा संथ चालीत.

सुरुवात आमच्याच घरात केली. दोन कुटुंबं, एक विधवा आजी आणि आम्ही. थोड्याच दिवसांत सोसायटीच्या मिटिंगला बोलावणं आलं. आवाजाची तक्रार होती, पण खरा प्रश्न शेवटी आला: "तुम्ही धर्मांतर करता का?" मी सांगितलं, माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा नेवाशाकडे झाला, आता माझं आणखी कोण काय करणार? काही जण हसले. तरी घरात गाणं बंद झालं ते झालंच.

मग स्टेशनजवळ एका कोचिंग क्लासची खोली रविवारी सकाळपुरती मिळाली. अट एकच, फळ्यावरचं पुसायचं नाही. त्यामुळे आमची मंडळी साइन-थिटा, कॉस-थिटाच्या समोर वाढली. गीतांचे क्रमांक मी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायची. बाकं दहावीच्या पोरांच्या मापाची. बसलेल्या आजीला उठवायला दोघं लागायचे. प्रभुभोजनाचा द्राक्षरस मी शनिवारी काळ्या मनुका उकळून, गाळून, थर्मासमध्ये भरून न्यायची.

वेळ ठरवली रेल्वेने. रविवारचा मेगाब्लॉक माटुंगा-मुलुंड धीम्या मार्गावर असला की गाड्या जलद मार्गावर वळवतात, त्या नाहूर आणि कांजूरला थांबत नाहीत. ब्लॉक अकराच्या सुमारास सुरू होतो, म्हणून आमचा शेवटचा आशीर्वाद साडेदहाच्या आत व्हायचा. उपदेश लांबला की मी मागच्या बाकावरून घड्याळ दाखवायची.

पहिल्या पावसाळ्यात उतरती कळा लागली. एक कुटुंब बदलापूरला गेलं. दुसरं म्हणालं, अमुक ठिकाणी आजारी बरे होतात, तुमच्याकडे काय होतं? रजिस्टर मी ठेवायची, त्यामुळे उपस्थितीचे आणि दानाचे आकडे मला पाठ. खोलीचं भाडं माझ्या पगारातून जात होतं. एका रात्री ही वही मी यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, तुमच्या वचनात यातलं काय आहे ते दाखवा.

यांनी यशयाचं वचन दाखवलं नाही. मत्तय 16:18 काढलं आणि विचारलं, "इथे मंडळी बांधणारा कोण आहे?" ख्रिस्त. पेत्र नव्हे, आपण तर नव्हेच. मी ते ठिकाण लहानपणापासून पाठ म्हणत आले होते, पण वही समोर उघडी असताना ते वेगळंच वाटलं. बाकं भरतील असं कुठे म्हटलं होतं? डिपॉझिटचा शब्द कुठे होता? दोघं-तिघं जमतील तिथे तो असेल, एवढं मात्र त्याच शुभवर्तमानात होतं, आणि आम्ही दोघा-तिघांच्या खाली कधीच गेलो नव्हतो.

त्यानंतर मला मुंबईचा अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल जवळचा वाटू लागला. 1813 मध्ये तो इथे उतरला तेव्हा सरकार त्याला परत पाठवायला निघालं होतं. मराठी शिकला, शाळा काढल्या, भाषांतरं केली आणि 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात कॉलऱ्याने गेला. मंडळीच्या नावाने त्याच्या पदरात जवळजवळ काहीच नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनचं पुढचं काम, नगरची गावंच्या गावं, टिळकांचा बाप्तिस्मा, माझे पणजोबा, हे सगळं त्याच्यामागून आलं. हे मी यांना सांगितलं नाही, नाहीतर सलग तीन रविवार उपदेशात तेच आलं असतं.

मंडळी आजही लहानच आहे. मात्र भाडं आता दानातून निघतं. बँकेत खातं हवं म्हणून न्यास नोंदवायला घेतला, वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कागद दिले आहेत. पोरांनी गिटार आणली. आजींनी तिला पेटीच्या मागे बसायची परवानगी दिली.

आता क्लासची इमारत पुनर्विकासात चालली आहे आणि दिवाळीपर्यंत खोली सोडायची आहे. नवी जागा कांजूरला बघितली, तळमजल्यावर, बाकं नाहीत, खुर्च्या आहेत. पण मेगाब्लॉकचं काय? शनिवारी संध्याकाळी उपासना घ्यावी, असं मंडळीच्या पंचांपैकी निम्म्यांचं मत आहे. माझी शनिवारी दुपारपाळी असते, म्हणून मी विरोधात आहे.