लोणारची रोजची वाट : सरोवर, एस.टी. आणि विजेची गाडी

बुलडाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव जगाला माहीत आहे ते खाऱ्या पाण्याच्या सरोवरामुळे. दूरदूरचे अभ्यासक येतात, काठावर उभे राहतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत निघून जातात. येथे राहणाऱ्या माणसाला मात्र सकाळी उठल्यावर पहिली आठवण होते ती गाडीची. सातची एस.टी. आली का? काळी-पिवळी भरली का? मोटारसायकलीत पेट्रोल किती उरले? कारण लोणारला रेल्वे नाही. मेहकर सुमारे २५ कि.मी., जिल्ह्याचे ठिकाण बुलडाणा ९० कि.मी.च्या आसपास आणि रेल्वेसाठी जालन्याकडे जायचे तर तेवढाच पल्ला. कोर्ट, कॉलेज, दवाखाना, बँक, कचेरी यांपैकी कशासाठी ना कशासाठी रस्त्यावर उतरावेच लागते. अशी 'अप-डाऊन' करणारी शेकडो माणसे या तालुक्यात आहेत आणि प्रस्तुत लेखक त्यांतलाच एक आहे. म्हणून वाचक बंधू-भगिनींना लोणार दाखवायचे तर सरोवराबरोबर ही रोजची वाटही दाखवली पाहिजे.

आधी सरोवर पाहू. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या बेसाल्ट खडकात हा वाटोळा खड्डा आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ कि.मी. आणि काठापासून खोली सुमारे दीडशे मीटर. अवकाशातून प्रचंड वेगाने आलेला अशनी येथे आदळला आणि त्या आघाताने हा खड्डा पडला, हे शास्त्रज्ञांनी खडकाच्या तपासणीवरून सिद्ध केले आहे. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षे मानत. पुढे प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा गावात नाना अफवा उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. सरोवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य आहे, हेही येणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

गावात लवणासुराची कथा सांगतात. दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर त्याच कथेवर उभे आहे. मंदिराची शिल्पकला पाहण्यासारखी आहे आणि ती घडवणारे हात कष्टकऱ्यांचेच होते. मात्र मुलांना तेथे नेल्यावर कथा आणि पुरावा यांतील फरक समजावून सांगावा. परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. त्या उपदेशाचा धडा मुलांना या खड्ड्याच्या काठावर उत्तम शिकवता येतो.

आता वाटेकडे वळू. लोणारहून निघाले की सुलतानपूर लागते. तेथून एक रस्ता मेहकरकडे आणि दुसरा सिंदखेडराजाकडे जातो. सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर आणि कपाशी. सकाळच्या गाडीत वह्या छातीशी धरलेल्या मुली, शिक्षक, कचेरीतले कारकून, तारखेला निघालेले शेतकरी, भाजीचे गाठोडे घेतलेल्या बाया आणि औषधाची पिशवी सांभाळणारे म्हातारे असतात. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. आपल्या घरांतील कित्येक मुली केवळ या पासामुळे शाळेत टिकल्या. शेवटची गाडी चुकली किंवा रद्द झाली की मात्र सवलतीचा उपयोग राहत नाही. दोन-तीनदा असे झाले की घरातली माणसे म्हणतात, "पोरीला कशाला धाडता?" बारावीनंतरचे शिक्षण तेथेच थांबते. गाडीचा प्रश्न हा शिक्षणाचा प्रश्न आहे तो असा.

वाहन आणि माणुसकी यांचा संबंध आपल्या समाजाला वेगळा सांगावा लागत नाही. १९०१ साली बाल भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर बैलगाडी मिळाली. १९२९ साली ते बॅरिस्टर होऊन सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला आले. तेव्हाही टांगेवाल्याने त्यांना बसवून टांगा हाकण्यास नकार दिला. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतील ज्या माणसाने लगाम धरला त्याला सवय नव्हती. पुलाजवळ टांगा उलटला आणि बाबासाहेब दगडांवर फेकले जाऊन जखमी झाले. हे प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. त्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तिकीट काढले की शेजारी कोण बसले आहे हे विचारण्याचा अधिकार कुणाला उरला नाही. लाल डब्याला नावे ठेवताना ही गोष्ट विसरू नये.

आता नव्या गाड्यांचे दिवस आहेत. वर्तमानपत्रांत 'प्लग-इन हायब्रिड' मोटारीचे नाव वाचून पोरे विचारतात, "काका, हे काय असते?" सोप्या शब्दांत सांगतो. या गाडीत पेट्रोलचे इंजिनही असते आणि मोठी बॅटरीही. रात्री घरच्या विजेवर बॅटरी भरायची. सकाळी साधारण ४० ते ८० कि.मी. पर्यंत गाडी विजेवर चालते. वीज संपली की पेट्रोल सुरू होते. म्हणजे रोज ठरावीक अंतर ये-जा करणाऱ्यासाठीच ही युक्ती काढलेली आहे. लोणार-मेहकर जाऊन-येऊन ५० कि.मी. होतात. कागदावर पाहिले तर पेट्रोलचा थेंबही न जाळता नोकरी करता येईल. आपल्याकडे २०२२ पासून हायब्रिड म्हणून ज्या मध्यम किमतीच्या गाड्या आल्या, उदाहरणार्थ मारुतीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायरायडर, त्यांना प्लग लावता येत नाही. त्यांची छोटी बॅटरी चालता चालता गाडीच भरते. प्लगवाल्या हायब्रिड भारतात आल्या त्या बहुतेक व्होल्वो, बीएमडब्ल्यू अशा श्रीमंती कंपन्यांच्या. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या दारात त्या उभ्या नसतील.

परदेशातील अनुभवही ऐकण्यासारखा आहे. युरोपीय आयोगाने २०२४ साली रस्त्यावरच्या गाड्यांची प्रत्यक्ष आकडेवारी प्रसिद्ध केली. प्लग-इन हायब्रिड गाड्या कंपनीने सांगितलेल्या इंधनाच्या सरासरी साडेतीनपट इंधन जाळतात, असे तिच्यात दिसले. एक मोठे कारण असे की, अपेक्षा धरली होती तितक्या वेळा लोक प्लग लावतच नाहीत. घरी साधन आले, पण ते वापरण्याची शिस्त आली नाही. हा धडा मोटारीपुरता नाही. घरात ग्रंथ आणून कपाटात ठेवणाऱ्यांनीही तो घ्यावा.

मग आपल्यासारख्यांसाठी काय? लोणार-मेहकर रस्त्यावर आता विजेच्या स्कूटर दिसू लागल्या आहेत. आमच्या वस्तीतील एका नोकरदार बहिणीने हप्त्यावर अशी स्कूटर घेतली. तिच्याबरोबर बसून आम्ही कागदावर हिशेब मांडला. महिन्याचे २५ दिवस, रोज ५० कि.मी., म्हणजे १२५० कि.मी. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ कि.मी. गेली तर सुमारे २८ लिटर लागतात. शंभराच्या पुढचा दर धरला तर महिना २८००-२९०० रुपये. विजेच्या स्कूटरला शंभर कि.मी.ला साडेतीन युनिट धरले तर महिन्याला सुमारे ४५ युनिट. दर युनिटला १० ते १२ रुपये पकडले तरी साडेचारशे ते साडेपाचशे रुपये होतात. बचत झाली, पण हप्ता आहे, विमा आहे आणि काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा मोठा खर्च आहे. म्हणून वाचलेल्या रकमेतून दरमहा थोडे पैसे बॅटरीसाठी वेगळे ठेवावेत. कमी अंतराची ये-जा असेल तर अर्ध्या तिकिटाची एस.टी.च बाईमाणसाला स्वस्त पडते. हिशेब केल्याशिवाय शेजाऱ्याचे पाहून गाडी घेऊ नये.

गृहिणींसाठी चार गोष्टी सांगतो. चार्जर कंपनीचाच वापरावा. जोडणी अर्थिंग असलेल्या चांगल्या सॉकेटवर, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. खिडकीतून लोंबती वायर ओढू नये. पत्र्याच्या एकाच खोलीत, झोपण्याच्या जागेजवळ किंवा दारात वाट अडवून गाडी चार्जिंगला लावू नये. भाड्याच्या घरात मीटर कुणाच्या नावावर आहे आणि जादा बिल कोण भरणार, हे घरमालकाशी आधीच बोलून घ्यावे. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, म्हणून बॅटरी अगदी शेवटाला येईपर्यंत थांबू नये. खरी अडचण येथेच आहे. ज्याला अंगण आहे त्याला विजेची गाडी सोपी. ज्याची गल्ली चार फुटांची त्याला ती अवघड.

या भागात समृद्धी महामार्गही आला आहे. ७०१ कि.मी.चा हा रस्ता मेहकर आणि सिंदखेडराजा भागातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या कुटुंबांचे तास वाचले. परंतु दुचाकी आणि तीनचाकीला त्यावर मनाई आहे, आणि आपली रोजची वाहने तर हीच. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. वेगवान रस्ता मिळाला तरी चालकाची झोप, गाडीची स्थिती आणि संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा पाहूनच मुलाबाळांना गाडीत बसवावे.

खरी आशा वाटते ती वेगळ्या ठिकाणी. १ जून २०२२ रोजी, पहिली एस.टी. ज्या मार्गावर धावली त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर, महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. एका बसमध्ये चाळीसएक माणसे बसतात. म्हणजे ज्यांना अंगण नाही, हप्ता झेपत नाही, त्यांनाही विजेच्या गाडीचा लाभ मिळू शकतो. लोणारसारख्या जागी तर याला दुहेरी अर्थ आहे. सरोवराकाठी धूर आणि भोंगे कमी व्हावेत, ही पर्यावरणाची गरज आहे. वेळेवर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत गाडी मिळावी, ही आपल्या लेकींची गरज आहे. दोन्ही गरजा एकाच बसने भागतात.

म्हणून लोणारला येणाऱ्या वाचकांना विनंती की, शक्यतो एस.टी.ने या. हिवाळ्यात या, पाणी बरोबर आणा, प्लास्टिक सरोवरात टाकू नका. पायवाट सोडून अभयारण्यात शिरू नका. आणि येथील बांधवांना विनंती की, शेवटच्या गाडीची वेळ, रद्द झालेल्या फेऱ्या आणि पासधारक मुलींची संख्या महिनाभर वहीत लिहून ठेवा. ती वही घेऊन महिला मंडळाने आणि तरुणांनी मिळून आगारात अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. त्याच अर्जात बसस्थानकावर सार्वजनिक चार्जिंगची सोय आणि या मार्गावर विजेची बस, या दोन मागण्या जोडाव्यात. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लेखी मागणीला आवक क्रमांक पडतो, आणि आवक क्रमांक पडलेला कागद फाईलमधून सहज बाजूला सारता येत नाही, हे कचेरीत आयुष्य घालवलेला माणूस खात्रीने सांगू शकतो.

जयभीम.